दोन बोटं

बार्जेस धक्क्याला लागून गंजत राहिल्या,
त्या वर्षी मी घरात मासे आणले.

विकतचे नव्हेत. दुर्भाटच्या मानशीतले
सात कालुंदर, तळहाताएवढे.
प्रफुल्ला मसाला वाटून बसली होती.
मी बादली उचलून मागच्या खोलीत नेली.
तिनं अजून ते माफ केलेलं नाही.

टाकी बोरीच्या दातांच्या डॉक्टरची, पाच फुटी,
दवाखाना वातानुकूलित झाला तेव्हा काढून टाकलेली.
तळाला भोक पाडायची छाती झाली नाही.
लोखंड चुकलं तर वेल्डिंग मारता येतं,
काचेला काय मारणार?
म्हणून पाइप वरून न्यायचा.
आत बुडायचं, वर यायचं, काठ ओलांडायचा,
बाहेर उतरून परत थोडं चढायचं
आणि मग खालच्या टाकीत.
कागदावर काढलं तर
आजारी माणसाच्या सहीसारखं दिसतं.

फोंड्याहून सव्वा इंची पीव्हीसी,
सहा एल्बो, दोन टी,
आणि सोल्युशनचा डबा. झाकण उघडलं
आणि नाकात इंजीनरूम शिरली.
तेवीस वर्षं मी बिल्जचा पंप राखला.
पाणी आत आलं की बाहेर फेकायचं, एवढंच काम.
आता पाणी राखायचं म्हटलं की
हात आधी चुकीच्या बाजूला वळतात.

खालच्या टाकीत तीन कप्पे.
पहिल्यात माझाच जुना गंजीफ्रॉक, गाळायला.
दुसऱ्यात मंगलोरी कौलांचे तुकडे, धुऊन धुऊन.
आग्नेल म्हणाला, यांच्यावर जंतू बसतात,
दिसत नाहीत, पगार मागत नाहीत,
माशांची घाण खातात.
तिसऱ्यात पंप.

मग बारीक नळी तोंडात धरून
पाइपातली हवा ओढली.
हवा, हवा, हवा,
आणि एकदम जुवारी. अर्धी खारट,
चिखलाची, ओहोटीची.
थुंकलो नाही.

वडील मानशीवर होते.
लोक म्हणायचे, दारं ते उघडतात.
ते म्हणायचे, मी कोण?
भरती येते, दारं लोटून घेते.
ओहोटी येते, ढकलून जाते.
आपण फक्त फळी कुजली का ते बघायचं,
आणि लिलावाचे पैसे वेळेवर भरायचे.

तिसऱ्या दिवशी वीज गेली.
पंप थांबला, आणि वर चढणाऱ्या पाइपानं
उलटं प्यायला सुरुवात केली.
खालची टाकी भरली, ओसंडली,
पाणी कपाटाखालून गौतमीच्या वह्यांपर्यंत गेलं.
ती अकरावीत. भौतिकशास्त्र सोडते म्हणून
महिनाभर रुसलेली.
ओल्या वह्या उन्हात मांडताना म्हणाली,
'बाबा, त्या पाइपाला पाण्याच्या जरा खाली
एक भोक पाड.
हवा शिरली की पाणी विसरतं
कुठं चाललं होतं ते.'

तीन मिलिमीटरचं ड्रिल. अर्ध्या मिनिटाचं काम.
तेवीस वर्षांत मला कुणी
इतकं छोटं काम सांगितलं नव्हतं.

काल रात्री जाग आली
ती आवाजानं नाही, आवाज गेल्यानं.
बार्जवर इंजीन असं गप्प झालं
की पाय आधी जिन्यावर पडायचे, डोळे मागून उघडायचे.
टॉर्च घेऊन धावलो.
पाणी उतरत होतं. उतरत होतं.
भोकानं एकदा सुर्रर्र केलं,
आणि थांबलं.
काठापासून दोन बोटं खाली.
खालच्या टाकीत अजून चार बोटं जागा.
मोठा कालुंदर काचेशी येऊन
कल्ले हलवत माझ्याकडे बघत होता,
हिशोब तपासायला आल्यासारखा.

मागून प्रफुल्ला, हातात पोतेरं,
डोळे अर्धे मिटलेले:
'कितें जालें?'

काही नाही, म्हटलं.
तिनं वाकून फरशीवर तळवा फिरवला.
कोरडी.
परत एकदा फिरवला.